लेथ थोरला की मी

"कारखान्याने ठोकलेला आकडा असलाच तर या टोकालाच असणार," म्हातारा म्हणाला आणि गुडघे दाबत लेथ मशीनच्या शेवटाशी जमिनीवर बसला.

बायकोने त्याच्याखाली जुनी उशी सरकवली. "शोधा खुशाल. पण सांगून ठेवते, लेथ तुमच्यापेक्षा थोरलाच निघणार. थोरला असून तुमच्याइतका कुरकुरत नाही, एवढंच."

लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याला असंच चिडवत आलेली. तिचं चिडवणं त्याला गोड वाटायचं. सख्खा भाऊ तेच बोलायचा तेव्हा मात्र जिव्हारी लागायचं. त्याचे वडील हाडाचे टर्नर, पण तोंडाचे फटकळ. कौतुकाचा शब्द म्हणून कधी निघाला नाही. एकदाच, पोराने पहिल्यांदा नीट आटे पाडले तेव्हा, ते म्हणाले होते, "तू झालास त्या वर्षी हा नवाकोरा आणला. तुझ्यासाठी." भाऊ मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की कसला नवाकोरा, भंगारातून उचललाय, तुझी समजूत काढली आणि तू बसलास धरून. वडील गेले, भाऊही गेला. खरंखोटं सांगायला आता एकटा लेथ उरला होता.

म्हाताऱ्याने टोकावरचा मळ बोटावर घेऊन नाकाशी नेला. तेल आणि धूळ. "हा बाबांच्या वेळचा मळ," तो म्हणाला. "इथे कुणाचा हातच लागलेला नाही."

"घरात तेवढंच एक पुसायचं राहिलं होतं माझं," म्हणत तिने फडकं पुढे केलं.

मळाखाली हिरवा रंग होता. त्याने बोथट पटाशी घेतली आणि बेताबेताने खरवडायला लागला. तासभर तरी झटावं लागेल असं त्याला वाटलेलं, पण रंग सालीसारखा सुटत आला. गडी एकदम खुशीत आला. हात अजून गेलेला नाही, हे त्याने तिला दोनदा ऐकवलं. तिनेही दोन्ही वेळा मान डोलावली.

आधी सात निघाला. मग चार, मग शून्य, मग नऊ. लोखंडात ठोकलेले, जरा तिरपे आकडे. 

बायकोने गाऊनच्या खिशातून एक छापील कागद काढला. कुठल्या वर्षी कुठल्या आकड्यापासून लेथ बनले, याची कारखान्याची यादी. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण जुनी दफ्तरं सांभाळणाऱ्या कुणाला तरी पत्र लिहून ती मागवली होती म्हणे. कागद पार चोळामोळा झालेला, घड्यांवर फाटायला आलेला. टपालवाल्यांचं काही खरं नाही, म्हातारा म्हणाला.

"तूच वाच. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"तुमचा लेथ, तुम्ही वाचा."

त्याने चष्मा पुसला आणि बोट ओळीओळीने खाली नेलं. एका ओळीवर आधीच तेलकट डाग होता. छापणाऱ्यांना हात धुवायला काय होतं, असं पुटपुटत तो तिथेच थांबला. ते त्याच्या जन्माचं वर्ष होतं.

 त्याने मळाच्या त्याच फडक्याने डोळे पुसले, तेल गालभर लागलं, तरी त्याला पत्ता नाही.

"खरं बोलले होते गं बाबा. माझ्यासाठीच आणला."

"हरले मी," ती म्हणाली आणि त्याचा गाल पुसला.

हरल्याची शिक्षा म्हणून त्याने तिच्याकडून दोनदा चहा करून घेतला, भावाचा मनसोक्त उद्धार केला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. झोपेतही तोंडावर हसू होतं.

तो घोरायला लागल्यावर ती परत लेथपाशी आली. फळीमागून हिरव्या रंगाचा डबा काढून तिने आकडा नीट झाकला, टेबलावरचा पंखा तिकडे वळवला आणि यादी घडी घालून खिशात ठेवली. रंग सुकल्यावर त्यावर मशीनचं तेल आणि कोपऱ्यातली धूळ बोटाने चोळली, त्याला आता आठवतही नसलेल्या गेल्या शुक्रवारी चोळली होती, अगदी तशीच.