परीक्षक अनोळखी हवा

उतारवयात डोळे शाबूत असूनही मेंदू चेहरे का विसरतो, या एका प्रश्नापायी बाईंनी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती. चेहरे ओळखायची चाचणी त्यांचीच, आणि तिचा पहिला नियमही त्यांचाच: परीक्षक अनोळखी हवा, घरच्या माणसाने चाचणी घ्यायची नाही.

आज तो नियम त्यांनी स्वतःच खुंटीला टांगला. गेल्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्याला वीसपैकी जेमतेम चार चेहरे ओळखता आले होते. "परक्या माणसासमोर बिचकतात ते," असं सहकाऱ्याला सुनावून त्या नवऱ्यासमोर जाऊन बसल्या.

"मघाशी दाखवलेला चेहरा यातला कुठला?"

टेबलावर चार फोटो. नवऱ्याचं बोट एकेका फोटोवरून सावकाश सरकायचं आणि एकावर थांबायचं. बरोबर. पुन्हा बरोबर. वीसपैकी वीस! बाईंच्या जिवात जीव आला. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" असं सहकाऱ्याला ऐकवत त्या निकालाचा कागद आणायला शेजारच्या खोलीत अक्षरशः धावल्या.

कागद घेऊन दारापर्यंत आल्या, तर आत नवरा सहकाऱ्याच्या कानाशी लागला होता.

"काही अवघड नव्हतं हो. बोट बरोबर फोटोवर आलं की समोरच्या त्या बाईंचे डोळे भरून यायचे, की मी तिथेच थांबायचो. फार भल्या आहेत बिचाऱ्या. कोण आहेत त्या?"