टेकडी चढणारी माणसं

लंडनजवळच्या पिनरहून फ्रान्समध्ये वॉकिंग हॉलिडेला आलेले आसावरी आणि समर तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलत नव्हते. द्राक्षमळ्यांतून चालतानाही दोघं लांब लांबच राहिले.

दुपारी गाइडनं त्यांच्या आठ जणांच्या ग्रुपला टेकडीवरच्या वायनरीत आणलं. मालकीणबाईंनी सगळ्यांना वाइन ओतली. आसावरी ग्लास टेबलावरच ठेवून खिडकीशी गेली.

खाली दुपारच्या उन्हातून आठ माणसं सावकाश वर येत होती. त्या आठांच्या पुढं त्यांचाच गाइड होता. त्याच्यामागं आसावरीचीच पिवळी टोपी घातलेली बाई समरचा हात धरून हसत चालली होती.

आसावरीनं डोक्याला हात लावला. टोपी डोक्यावरच होती.

"समर, इकडे ये ना. प्लीज."

तो आला आणि बघतच राहिला. "किती खूश आहेत गं ते," तो हळूच म्हणाला.

तिनं घाईघाईनं त्याचा हात धरला. त्याच क्षणी खालच्या दोघांनी वर पाहिलं, रिकाम्या खिडकीकडे पाहावं तसं.

थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. मालकीणबाईंनी टेबलावरचे भरलेले ग्लास उचलून सिंकमध्ये ओतले.

"आले एकदाचे पाहुणे," असं म्हणत त्या दार उघडायला गेल्या.