उदाहरण खरंच हवं

इंग्रजी-मराठी कोश रचणाऱ्या अण्णांचा एकच हेका: उदाहरणाचं वाक्य खरं हवं, मनचं चालणार नाही. लेक सुट्टीवर आली आणि लाल पेन्सिल घेऊन मुद्रितं तपासायला बसली. 'डिस्टंट' या शब्दाखाली तीन अर्थ होते.

दूरचा: माझी मुलगी दूरच्या शहरात राहते.

लांबच्या नात्यातला: लांबचे नातेवाईक लग्नातच भेटतात.

तुटक: वडील मुलीशी तुटक वागतात.

तिनं पहिलं वाक्य सरळ खोडलं.

"अगं, खरं आहे ते!" अण्णा खेकसले.

"होतं. मी इथे बदली मागून घेतलीय."

अण्णांनी तिच्या हातातली पेन्सिल घेऊन तिसरं वाक्य खोडलं.

"मग हेही खरं राहून चालायचं नाही."