चौऱ्याण्णवांतला एक खोटा

“करवतीला सेट असतो का हो?” बारकीनं विचारलं.

सुतारानं रंधा थांबवून तिच्याकडे पाहिलं. बाई शिकलेली दिसत होती, काखेत जाडजूड शब्दकोश होता आणि प्रश्न असला.

“असतो की. एक दाता डावीकडे वाकवायचा, पुढचा उजवीकडे. नाहीतर करवत लाकडात अडकते.”

बारकीनं चौतिसाव्या अर्थापुढे बरोबरची खूण केली आणि हिरमुसली. अर्थ खरा निघाला म्हणून हिरमुसणारी कोशकाराची मुलगी दुसरी कुठे सापडली नसती. पण तिला खोटाच अर्थ हवा होता.

चाळिशी उलटली तरी घरात तिला बारकीच म्हणत. तिच्या वडिलांचा, अण्णांचा, इंग्रजी शब्दांचा कोश वीस वर्षांपूर्वी निघाला होता. यंदा काकांचा आला. काका म्हणजे अण्णांचे जुने मित्र. तरुणपणी दोघं एकाच खोलीत, एकाच टेबलावर काम करायचे. मग बिनसलं, का ते कुणी सांगितलं नाही. बारकीनं काकांचा कोश उघडून ‘सेट’ काढला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौऱ्याण्णव अर्थ होते, सगळे अण्णांचे, त्याच क्रमानं. अण्णांचं आयुष्यभराचं काम कुणीतरी आयतं उचललं होतं, आणि तिनं केस केली.

“ते म्हणतील, शब्दाचे अर्थ काही कुणाच्या मालकीचे नसतात,” वकीलबाई म्हणाल्या होत्या. “पण कोशवाल्यांची एक युक्ती असते. मोठ्या शब्दात एखादा अर्थ मनानं रचून दडवून ठेवायचा. चोर उचलेल तो त्याच्यासकट उचलेल. अण्णांनी तसा घातला असेल तर केस आपली. सोमवारी समोरासमोर बसायचंय. त्याच्या आत शोधा. नाहीतर चोर सुटला म्हणून समजा.”

बारकी तडक अण्णांकडे गेली होती. “अण्णा, त्यातला खोटा अर्थ कोणता?”

“मी एकही खोटा घातला नाही.”

“आठवून तर बघा.”

“आठवतंय म्हणूनच सांगतोय. केस मागे घे, बारके.”

गेल्या वर्षीच्या आजारपणापासून अण्णा चष्मा फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दिवसभर शोधत बसायचे. त्यात मित्राविषयी हळवे. त्यांचं बोलणं तिनं मनावर घेतलं नाही.

मग एकेक अर्थ धरून ती गावभर फिरली. खुर्च्यांचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट हे सोपे होते. गणिताच्या मास्तरांनी त्यांचा सेट अर्धा तास समजावला. तिला काही कळलं नाही, पण अर्थ खरा होता. गवंड्यानं सिमेंट सेट होतं म्हणून सांगितलं, हाडाच्या डॉक्टरांनी हाड, केशकर्तनवाल्यानं केस. सूर्य सेट होतो, शिकारी कुत्रा सावज दिसलं की जागच्या जागी सेट होतो, आणि बिज्जू नावाचा प्राणी ज्या बिळात राहतो तेही सेटच. तिचं डोकं भणभणायला लागलं. एवढ्याशा शब्दात कुणी एवढं का कोंबावं, तिला कळेना. नवऱ्यानं सकाळी “घड्याळ सेट केलंस का?” म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “कितव्या अर्थानं?” त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

शनिवारपर्यंत त्र्याण्णव खुणा झाल्या. एकच अर्थ उरला, एकाहत्तरावा: विणताना चुकलेला, पण कळूनही न उसवता राहू दिलेला टाका.

“असं काही नसतं गं,” वहिनी म्हणाली. ती तीस वर्षं स्वेटर विणत होती. “चुकला टाका तर चुकला म्हणतात. त्याला कोण नाव ठेवतंय?”

शिंप्यानं मान हलवली. विणकामाच्या शाळेतल्या बाईंनी चार पुस्तकं चाळून हात टेकले.

बारकीचा जीव भांड्यात पडला. किती गोड अर्थ रचला होता अण्णांनी. तिला त्यांचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. तिनं जाऊन त्यांच्यापुढे पान धरलं.

अण्णांनी ती ओळ बराच वेळ वाचली. “हा खोटा आहे?”

“तुम्हीच तर घातलात, अण्णा.”

अण्णांनी कोश मिटला. त्यांचा चेहरा पार उतरला होता. स्वतःचीच करामत विसरले बिचारे, असं वाटून तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

सोमवारी वकीलबाईंच्या ऑफिसात काका एकटेच आले, वकील न घेता. खूप थकले होते. बारकीनं त्यांच्याकडे न बघता एकाहत्तरावा अर्थ वाचून दाखवला.

“हा अर्थ जगात कुठेच नाही,” ती म्हणाली. “फक्त अण्णांच्या कोशात आणि तुमच्या.”

“बरोबर,” काका म्हणाले. “तो मनानं रचलेला आहे. खोटाच आहे.”

वकीलबाईंनी भुवया उंचावून बारकीकडे पाहिलं. एवढ्या सहज कबुली मिळेल असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

काकांनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. स्वतःच्याच नावावर पोस्टानं पाठवलेलं आणि कधीच न फोडलेलं. “हे उघडायचं नव्हतं मला,” ते म्हणाले.

वकीलबाईंनी ते फोडलं. आत काकांच्या अक्षरात एकच ओळ होती, एकाहत्तराव्या अर्थाची, शब्दन् शब्द तीच.

“म्हणजे तुम्ही उतरवून घेतलंत, हे तुम्हीच लिहून ठेवलंत,” बारकी म्हणाली. आनंदानं तिचा आवाज कापत होता.

“शिक्का बघ, बाळ,” काका हळूच म्हणाले.

तिनं पाकीट उजेडात धरलं. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख अण्णांचा कोश निघाला त्याच्या तीन वर्षं आधीची होती.