आखाडातलं मरण

माहा नातू मनिष राइस मिलमंधी कामाले हाय. तिथं धानाच्या रोवणीले सुट्टी भेटत नाही, आजीच्या मयतीले भेटते. म्हणून पाच आखाडात त्यानं मले पाच खेपा मारलं. एकदा तं वाघानं खाल्लं. वाघाचं मीच सुचवलं होतं. मिलच्या शेठची गाडी आमच्या धानाच्या बांधीजवळूनच जाते, तवा रोवणीभर मले घरात लपून बसा लागे. मरून मरून थकली मी, बापा! यंदा शेठनं माह्या नातिणीले, खुशबूले, कामाले लावलं. कोणालेबी फुकट भेटते अन् पाहिजे तसं बदलवता येते, असं सॉफ्टवेअर मिलच्या हाजरी-सुट्टीले बसवाचं होतं. पोरगी दहा दिवस कंप्युटरमंधी जुनी रजिस्टरं भरत बसली, डोळे सुजले तिचे. अन् एकदम ओरडली, "आजी, तू पाच खेपा मेली! मशीन लाल दाखवून राहिली. दादाची नोकरी जाते आता." "मी एकटीच मेली का वो?" तिनं पाहिलं. मिलच्या एकसष्ट आज्या मेल्या होत्या, साऱ्या आखाडात. तोच कागद तिनं शेठपुढं ठेवला. "शेठजी, मशीनमंधी रोवणीची सुट्टी टाकू का? चार दिवस. आज्या वाचतीन." शेठ डोकं धरून बसला, मंग म्हणे, "टाक." आज मी बांधीच्या धुऱ्यावर उघडी बसली होती, रोवणी पाहत. शेठची गाडी थांबली. "राम राम, आजी. वरून कवा आल्या?" "कालच आली, बापा. रोवणीची सुट्टी टाकून. चारच दिवस भेटले."