ट्यूनाचा डबा

१९९१च्या नोव्हेंबरात माझा नवरा एल्मर गेला आणि त्याचा पाळलेला हॉगनोज जातीचा साप माझ्या गळ्यात पडला. सापानं खाणंच सोडलं. एल्मरचं तेवढंच मागं उरलेलं, म्हणून घाबरून मी शेजारच्या व्हर्डाला बोलावलं. तिनं गार्टर साप पाळले होते.

ती रोज दुपारी येई. ट्यूना माशाचा डबा फोडून त्याचं पाणी उंदराच्या पिल्लाला चोळी. वास आला की खाईल, म्हणे. साप उताणा पडून मेल्याचं सोंग घेई.

"नाटकी कुठला! एल्मरवरच गेलाय," ती म्हणे. मग उरलेल्या माशाचं सँडविच माझ्यापुढं सरकवी. "डबा फोडलाय बाई, खा मुकाट्यानं."

मार्चमध्ये साप जेवला.

"जेवणारच! हिवाळ्यात हे उपाशीच असतात," व्हर्डा म्हणाली.

"मग तू रोज कशाला येत होतीस?"

"तू तरी कुठं जेवत होतीस?"

साप पुढं नऊ वर्षं जगला. गेल्या वर्षी व्हर्डा गेली. आता तिच्या गार्टर सापांना गांडुळं घालायला मी रोज दुपारी तिच्या घरी जाते. जाताना ट्यूनाचा डबा नेते. तिच्या नवऱ्याला, लॉइडला, अजून वाटतं, मी सापांसाठी येते.