पुढचा शब्द

नकुल बोलताना अडखळतो, म्हणून अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात त्याच्या हायस्कूलमध्ये मीटिंग होती. यंदा डिबेट टीममध्ये त्याची निवड झाली होती, तरी त्याच्या आईचा, विनीताचा, जीव थाऱ्यावर नव्हता.

स्पीच थेरपिस्ट मिस पार्कर म्हणाल्या, "टीममध्ये तो छान बोलतो. अडकला तरी सगळे थांबतात. पण त्याचा अडकलेला शब्द दुसऱ्या कुणी पूर्ण केला, की तो..."

"घाबरतो," विनीता म्हणाली.

"गप्प होतो," मिस पार्कर शांतपणे म्हणाल्या. "आणि कुणीतरी असं रोज करतं, एवढंच तो सांगतो."

विनीता खुर्चीतून जवळजवळ उठलीच. "कोण करतं? नाव सांग नकुल, मी आत्ताच्या आत्ता प्रिन्सिपलना भेटते! कुठे करतात? क्लासमध्ये? लंचला? बसमध्ये?"

नकुलने एकदा मिस पार्करकडे पाहिलं. मग त्यांना कळू नये म्हणून तो मुद्दाम मराठीत म्हणाला, "स्कूलमध्ये कोणीच नाही गं, आई. घ... घ..."



"घरी?" विनीताने पटकन त्याचा शब्द पूर्ण केला.